शंभर मीटरची पोरगी

हिवाळा लागला की नेहरू नगरातल्या माझ्या दवाखान्यात मांडीची मागची बाजू धरून लंगडत पोरं यायला लागतात. "शिर चढली मॅडम," असं म्हणतात. शिर नसते, स्नायू असतो. पण ती चूक दुरुस्त करायचं मी आता सोडून दिलंय. पोलीस भरती, फौज भरती, कुठली ना कुठली भरती तोंडावर आलेली असते. वर्षभर ही पोरं कोचिंग क्लासच्या बाकावर बसून गणितं सोडवतात आणि शेवटच्या महिन्यात कुत्रं मागे लागल्यासारखी पळायला सुटतात. मग स्नायू तडकतो. सोबत बहुतेक वेळा बाप असतो. पोराला टेबलावर पालथं झोपवलं की तो माझ्याजवळ सरकतो आणि हळूच विचारतो, "स्पीड तो बढ़ेगी ना इसकी?"

"थोडी वाढेल," मी सांगते. "फार नाही."

हे उत्तर बापांना आवडत नाही. एकाने तर मला तोंडावर सुनावलं की डॉक्टरने उमेद द्यावी. मी म्हटलं, उमेद मेडिकलच्या दुकानात विचारा, माझ्याकडे व्यायाम मिळतात. तो परत आला नाही. माझ्या हाताखालची मुलगी म्हणते, मॅडम, जरा गोड बोलत जा. तिला काय सांगू? गोड बोलणाऱ्या माणसांनी माझ्या आयुष्याची पाच वर्षं खाल्ली आहेत. मी तेव्हा शाळकरी पोर होते, रोज सकाळी लाल मातीत पळत होते आणि मला एवढंच कळायला हवं होतं की मी खरंच हळू आहे, की चुकीच्या शर्यतीत उभी आहे. हे सांगू शकणारी तीन माणसं माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली होती. तिघांनाही उत्तर माहीत होतं.

त्यातले पहिले माझे बाबा.

बाबा प्लांटात, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात होते, रोलिंग मिलमध्ये. आजोबा भंडाऱ्याकडचं गाव सोडून इथे हिंदी मुलखात आले ते प्लांटाची भट्टी पेटली त्या काळात, आणि बाबांचा जन्म प्लांटाच्या वसाहतीत, सेक्टरातल्या क्वार्टरमध्येच झाला. तरुणपणी बाबा प्लांटाच्या वार्षिक स्पर्धेत शंभर मीटर पळायचे. त्यांच्या खात्याला त्यांनी कप मिळवून दिला होता आणि मिलमधली माणसं त्यांना अजून त्या कपावरून ओळखत. आमच्या घरात शंभर मीटर हा खेळ नव्हता, घराण्याची गोष्ट होती. मी शाळेच्या पटांगणावर पोरांना मागे टाकायला लागले तसं बाबांनी मला सायकलवर बसवलं आणि सेक्टरातल्या मैदानावर सरांसमोर उभं केलं. रविवारी विहारात वंदना झाली की बाहेर चपला घालताना ते ज्याला त्याला सांगत, "माही पोरगी शंभर मीटरची आहे." जणू मी कापड होते आणि तेवढंच निघालं होतं.

सर दुसरे. सर हिंदी बोलत, कमी बोलत आणि आम्हाला ते देवासारखे वाटत. स्टॉपवॉच गळ्यात, पांढरी टोपी, हातात दोन लाकडी फळ्या. त्या फळ्या एकमेकींवर आपटल्या की आम्ही सुटायचो. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला पंपघराच्या भिंतीजवळ नेलं, बोटाला खडू लावला आणि जागेवरून उडी मारून जमेल तितक्या उंच रेघ ओढायला सांगितली. दर काही महिन्यांनी ही उडी व्हायची. बाकीच्या मुलींच्या रेघा भिंतीवर चढत गेल्या. माझी रेघ पहिल्या दिवशी होती त्याच्या जरा वर जाऊन तिथेच बसली. मी सरांकडे पाहायची, सर भिंतीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "ठीक है, लाइन में लग जा."

आता मला माहीत आहे की त्या भिंतीवर ते काय वाचत होते. जागेवरून मारलेली उडी म्हणजे पाय एका झटक्यात जमिनीला किती जोराने ढकलतो त्याची परीक्षा. आणि शंभर मीटर म्हणजे तेच, फक्त पुन्हा पुन्हा. लोकांना वाटतं की वेगाने पळणारा पाय वेगाने हलवतो. तसं नसतं. हवेतला पाय पुढे आणायला चांगल्या पळणाऱ्याला आणि साध्या माणसाला जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो पाय जमिनीवर टेकलेला असतो तेव्हा. भरधाव पळताना तो वेळ पापणी लवण्याहूनही कमी असतो. तेवढ्यात अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीत घालावा लागतो. ज्याच्या स्नायूंना तेवढ्या वेळात जोर काढता येतो, तो वेगवान. बाकीच्यांच्या पायातही जोर असतो, पण तो निघेपर्यंत पाय जमिनीवरून उचललेला असतो.

स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. एक चटकन आवळतो आणि चटकन थकतो. दुसरा सावकाश आवळतो, पण थकायचं नाव घेत नाही. प्रत्येकाच्या पायात दोन्ही असतात आणि कुणाच्या पायात कोणते जास्त, हे बरंचसं आईबापाकडून येतं. व्यायामाने तंतू जाड होतात, सगळ्यांनी एकदम कामाला लागायचं हे मज्जासंस्था त्यांना शिकवते, दोन्हींच्या मधले काही तंतू थोडे इकडेतिकडे सरकतात. पण सावकाश तंतूंनी भरलेल्या पायाचा वेगवान पाय होत नाही. सरांनी क्रीडा प्रशिक्षणाचा कोर्स केला होता. त्यांना हे माझ्याआधी कितीतरी वर्षं माहीत होतं.

आणि तिसरी कुरुदवाली.

तिचे वडील गोंदियाकडचे, शेती सोडून ठेकेदाराकडे कामाला आलेले, कुरुदला त्यांनी घर बांधलं होतं. तेव्हा कुरुद म्हणजे अर्धं गाव होतं, घरांच्या मागे धानाची शेतं. तिथून ती सायकल मारत मैदानावर यायची, म्हणून सगळे तिला कुरुदवाली म्हणत. बुटकी, रुंद मांड्यांची, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिने खडूची रेघ अशी मारली की सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ती फळ्यांच्या आवाजावर सुटायची तेव्हा मागच्या मुलींच्या तोंडावर माती उडायची. माझी तिच्याशी लगेच गट्टी जमली. ती माझा डबा खायची, मी तिची इंग्रजीची पाठांतरं घ्यायची. घरी ती मराठी बोलायची, मैदानावर हिंदी, आणि माझ्याशी दोन्हीची खिचडी.

ती आल्यावर सरांनी एक नवीन पद्धत काढली. ते मला तिच्या काही पावलं पुढे उभी करत. फळ्या वाजल्या की दोघींनी एकदम सुटायचं. मी पुढून, ती मागून. मला ते म्हणाले, "पीछे कोई आता है तभी आदमी भागता है. तेरे लिए कर रहा हूँ." मी विश्वास ठेवला. मागून तिच्या पायांचा आवाज जवळ यायचा, मानेवर काटा उभा राहायचा आणि मी जीव खाऊन पळायची. शेवटच्या रेषेच्या अलीकडे ती मला गाठायचीच. गाठली की हसून माझी वेणी ओढायची. रोज सकाळी, पुन्हा पुन्हा, हेच. घड्याळ सर तिच्यावर लावत. मला वाटायचं, आपल्या दोघींवर लावतात.

या सरावात एक गोष्ट व्हायची, ती मला तेव्हा मोठेपणाची वाटायची. काही वेळा पळून झालं की कुरुदवाली गवतात आडवी पडायची. तोंड पांढरं, कधीकधी ओकायची. मी मात्र कमरेवर हात ठेवून उभी असायची आणि सरांना विचारायची, "और एक, सर?" सर बाकीच्या मुलींना म्हणत, "इसकी जिद देखो." मी त्या एका शब्दावर कितीतरी दिवस जगले. ती जिद्द नव्हती. ते माझ्या पोटऱ्यांतले सावकाश तंतू होते. ते थकतच नव्हते, कारण त्यांचं खरं काम अजून सुरूच झालं नव्हतं. आणखी एक खूण होती. शंभर मीटरमध्ये अर्ध्याच्या पुढे गेल्यावर सगळेच मंदावतात. चटकन मिळणारं इंधन संपत आलेलं असतं. जिंकतो तो, जो कमी मंदावतो. जिल्ह्याच्या शर्यतीत मी सुरुवातीला मागे पडायची आणि शेवटी शेवटी एकेकीला गाठत यायची. शेवटची रेषा जवळ आली नसती तर, असं प्रत्येक वेळी वाटायचं. बाबा पहिली पाळी करून, मिलच्या कपड्यातच मैदानावर येऊन उभे असायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात गेलं पाह." माझ्या पुढे आणखी कितीतरी मैदान असायला हवं होतं, हे कोणी म्हणालं नाही.

राज्याच्या स्पर्धेला आम्ही रायपूरला गेलो. कुरुदवालीला पदक मिळालं. मी पहिल्याच फेरीत शेवटची आले. शेवटून दुसरी नव्हे, शेवटची. परतीच्या बसमध्ये सरांनी सगळ्यांना समोसे घेतले, माझ्या हातात दिला तेव्हा म्हणाले, "मेहनत में कमी रह गई." हे वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. मी पुढचं वर्ष वेड्यासारखी घाम गाळत राहिले. नडगी दुखायची, रात्री पाय भरून यायचे, आई मोहरीच्या तेलात लसूण कडकवून चोळायची आणि बडबडायची, "पोरीले मारून टाकान तुमी." बाबा पेपर वाचत बसायचे. माझी वेळ केसभरही सुधारली नाही. बारावीला मी स्पाइक्स धुतले, कागदात बांधले आणि मैदान सोडलं. मला कोणी थांबवलं नाही. कुरुदवाली एकदा घरी आली, म्हणाली, "चल ना यार, तेरे बिना मजा नहीं आता." मला बरं वाटलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात स्नायूंवरचं लेक्चर झालं. मागच्या बाकावर बसून मी ते दोन प्रकारचे तंतू वहीत काढले आणि पोटरीला हात लावून पाहिला. मग हे होतं तर! मेहनत कमी नव्हती पडली, माझ्या पायांनीच दगा दिला होता. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. आठशे मीटरसारख्या लांब शर्यतीचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही असं नाही. आला. पण लगेच वाटलं, तसं असतं तर सरांना दिसलं नसतं का? दिसलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? एवढा साधा विश्वास होता माझा. त्यामुळे सगळा दोष मी माझ्या पायांच्या माथी मारला आणि पुढची बरीच वर्षं त्यांच्याशी सवतीसारखी वागले. चालायचं काम असलं तरी स्कूटी काढायची.

मागच्या हिवाळ्यात कुरुदवाली दवाखान्यात आली.

रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर तिला नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, पद्मनाभपूरला घर घेतलं होतं. मांडीमागचं जुनं दुखणं पुन्हा उपटलं होतं. आम्ही दोघी दारातच गळ्यात पडलो. तिला पालथं झोपवून मी अंगठ्याने स्नायूतली गाठ शोधत होते आणि गप्पा चालल्या होत्या. पोरांची शाळा, सासूच्या मधुमेहाचं कौतुक, सगळं झालं. मग ती उशीत तोंड घालूनच म्हणाली, "तू आठशे केलं असतं ना, तर आज तू बी रेल्वेत राहिली असती. मी तर कितीदा मनात म्हनलं."

"मी कशाला आठशे केलं असतं?"

"अरे, सर बोलले होते ना तुह्या बाबाले."

माझा अंगठा जागेवर थांबला. "काय बोलले होते?"

"मालूम नाही काय तुले?" तिने मान वळवली. माझं तोंड पाहून ती उठून बसायला लागली, मी तिला पुन्हा खाली दाबलं. "सांग."

मग तिने सांगितलं. आम्ही नववीत होतो तेव्हाची गोष्ट. ती पंपघरामागे पाणी पीत होती. पलीकडे बाबांची सायकल लागलेली होती आणि सर बाबांना सांगत होते की ही मुलगी शंभरची नाही, आठशेची आहे, पंधराशेचीसुद्धा होईल. दुसऱ्या सेक्टरात लांब पल्ल्याचे कोच आहेत, त्यांच्याकडे पाठवा, मी बोलतो. बाबा नाही म्हणाले. सरांनी पुन्हा समजावलं. बाबा रागावून म्हणाले की शंभरच शिकवायचं असेल तर शिकवा, नाहीतर मी पोरगी घरी नेतो. सरांनी मग हात जोडले.

"आणि तू? मले कावून नाही सांगितलं?"

तिने तोंड पुन्हा उशीत घातलं. बाहेर माझी मदतनीस कुणाला तरी नंबर लावून देत होती. "तू गेली असती ना यार," ती म्हणाली. "फिर मेरे आगे कौन भागता? सर म्हनत, समोर कोनी दिसलं की माहा टाइम येते. तू होती म्हनून माहा टाइम येऊन राहिला होता." मग घाईघाईने, "बच्चे थे यार हम. मले वाटलं, तुह्या बाबानं घरी सांगितलं असन."

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच. मी पुढे उभी होते ती तिला गाठायला कुणीतरी हवं म्हणून. बाबांचा नकार सरांच्या पथ्यावर पडला होता. त्यांना एक पोरगी फुकटात मिळाली होती, जी थकत नव्हती, कितीही वेळा पळायला तयार होती आणि वर स्वतःहून "और एक, सर?" विचारत होती. मेहनत में कमी रह गई! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. मी कुरुदवालीचे उपचार पुरे केले, व्यायाम समजावून दिले, गरम पाण्याची पिशवी किती वेळ ठेवायची ते सांगितलं. दाराशी ती रडायला लागली. मी म्हटलं, पुढच्या वेळी माझी मदतनीस तुला पाहील. त्यानंतर तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. अजूनही उचलत नाही.

बाबा निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहतात. आई गेल्यापासून त्यांचा जेवणावरचा जीव उडाला आहे, पण सकाळी अंगणात पेपर घेऊन बसायचं चुकत नाही. मी त्या रविवारी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं. मला वाटलं होतं, नाही आठवत म्हणतील. त्यांनी चष्मा काढला.

"कोनं सांगितलं?"

"कोनी का सांगना. खरं आहे का नाही?"

"आठशे कोन पाहते बेटा?" ते म्हणाले. "सकाळी सकाळी उरकून टाकतात. मैदानावर चार मानसं राहत नाहीत. शंभरले सारे उभे होऊन पाहतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आवाज चढवला. पोरीच्या आयुष्यापेक्षा टाळ्या मोठ्या होत्या का, आणि तुमच्या कपासाठी मला पाच वर्षं जुंपली का, असं पुष्कळ काही बोलले. शेजारची बाई गच्चीवरून डोकावली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "टाळ्याइचं नाही. तुह्या सरानं काय म्हनलं होतं माहीत आहे? म्हने, ये तो पैदाइशी है. जो जिसके लिए पैदा हुआ. पोरीले त्याच कामात घाला, वर जायचा हट्ट नका करू." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "माह्या बापानं गाव कावून सोडलं? जन्मानं ठरते, जो तो आपल्या जागी, हेच ऐकून ऐकून. आनि इथं येऊन मले एक मानूस माह्या पोरीबद्दल तेच सांगते. मी हो म्हनू?"

"बाबा, ते पायांबद्दल बोलत होते. स्नायूबद्दल."

"तेवा बी पायाचंच सांगत होते आमाले," बाबा म्हणाले. "तुमी पायातून जन्मले म्हनून."

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबांना ते वाक्य का लागलं, ते मला समजत होतं. पण समजलं म्हणून राग गेला नाही. उलट तो कुठे ठेवावा हेच कळेना. सर वेडंवाकडं बोलले असतील, पण गोष्ट खरी सांगत होते. बाबा खऱ्याशी भांडले आणि त्या भांडणात पाय माझे वापरले. जन्माने माणूस लहानमोठा ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण माझ्या पोटरीत काय होतं हे त्या भांडणात कुणी पाहिलंच नाही. आणि आठशे मीटर खालचं, शंभर मीटर वरचं, ही उतरंड कुणी लावली होती? बाबांनीच.

"मले विचारलं असतं तर?" मी म्हटलं. "एकदा. मी नववीत होती, पाळन्यात नव्हती."

"तू सरायचं ऐकलं असतं."

"हो. ऐकलं असतं."

"म्हनूनच नाही सांगितलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपर उचलला.

त्या दिवसानंतर घरात आम्ही कामापुरतं बोलत होतो. चहा, गोळी, गिझर चालू आहे का. मी दवाखान्यात पोरांवर उगीच खेकसत होते. मी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन अडकायची: सर म्हणाले म्हणून काय झालं? तेही चुकले असतील. कदाचित मी आठशेचीही नसेन, कदाचित मी कशाचीच नसेन, आणि मग हा सगळा राग वाया. मनातल्या मनात मला तसंच असावं असं वाटायला लागलं होतं. पोळले ते काही खोटं नव्हतं, पण मग निदान हरवलं काही नसतं.

एका सकाळी मी बाबांना म्हटलं, "चपला घाला." ते का म्हणून विचारत राहिले, मी सांगितलं नाही. त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि सेक्टरातल्या त्याच मैदानावर नेलं. आता तिथे कडेने बाक बसवले आहेत, निवृत्त मंडळी फेऱ्या मारतात, बायका योगासनं करतात. बाबांना सावलीतल्या बाकावर बसवलं. "काय करून राहिली तू?" ते म्हणाले. "बसा," मी म्हटलं. "आज तुमी आठशे पाहा."

दवाखान्यात घालते तेच बूट पायात होते. कुणी फळ्या वाजवल्या नाहीत. मी सुटले. पहिल्या वळणावरच छाती भरून आली, घसा कोरडा पडला आणि पोट हिंदकळायला लागलं. लाज वाटली. एका म्हाताऱ्याने वाट देताना "संभल के बेटी" म्हटलं. मनातून मी जवळजवळ खूश झाले. बघ, म्हटलं, इथेही काही नाही. पहिली फेरी पुरी करून बाबांच्या समोरून गेले तेव्हा ते बाकाच्या टोकावर सरकून बसले होते.

दुसऱ्या फेरीत कुठेतरी श्वास जागेवर बसला. कसा ते मी रोज लोकांना समजावते, पण तेव्हा फक्त कळलं की छातीतली घालमेल थांबली आहे आणि पाय आपले आपण पडताहेत, मला विचारत नाहीत. शंभर मीटर पळताना माझे पाय मला असे कधीच वाटले नव्हते. तिथे मी त्यांना फटके मारून हाकत होते. इथे ते मला घेऊन जात होते. मागे कुणी नव्हतं. मी पायांचा वेग वाढवून पाहिला, वाढला. आणखी वाढवला, तोही झेपला. तेव्हा मला रडू फुटलं. आनंदाचं नव्हतं ते. सर बरोबर होते. हे सगळं माझ्यात होतं, नववीतल्या त्या पोरीत तर केवढं असेल, आणि ते तिघांनी मिळून माझ्यापासून लपवलं.

दुसरी फेरी पुरी झाली. आठशे मीटर तिथे संपतात. बाबा उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले नाही, त्यांच्या समोरून तशीच पुढे निघाले. ते दोन पावलं धावपट्टीवर आले आणि मागून ओरडले, "अजून दम आहे काय तुह्यात?"

"आहे," मी मान न वळवता ओरडले. "तेवा बी होता."